पुसून दाखवा

एकदा एका वृद्ध समुपदेशिकेच्या दारी एकाच सकाळी दोन व्यापारी आले. जुन्या कथांतले व्यापारी उंटांवर रेशीम लादून येत. हे दोघे पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप घेऊन आले होते, आणि त्यांच्याकडचा माल म्हणजे माणसांची दुःखं ऐकून आपोआप टिपणं काढणारं एआयचं यंत्र. त्यांना बोलावण्याची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

बाई चाळीस वर्षं लोकांची मनं ऐकत आल्या होत्या. त्यांचा शिष्य पलीकडच्या खोलीत बसे. पोरगा हुशार, कष्टाळू, पण जरा उतावळा. दिवसभर सहा-सात जणांचं ऐकायचं आणि नंतर प्रत्येकाचं टिपण लिहायचं, यात तो मेटाकुटीला येई. म्हणून बाईंना न विचारताच त्यानं फोनवर बोलणं ऐकून टिपण काढणारं एक फुकटचं ॲप घेतलं. संमती घ्यायला मात्र विसरला नव्हता, असं त्याचं म्हणणं. पहिल्या भेटीच्या अर्जात नाव, पत्ता, वय यांच्याखाली त्यानं 'बोलणं ॲपनं टिपायला माझी हरकत नाही' अशी एक ओळ वाढवली होती, आणि येणारे सगळे तिथं निमूट सही करत होते.

एका तरुण शिक्षिकेनंही केली. दोन भेटी ती वरवरचं बोलली. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "मला बाळ झालं तेव्हा..." आणि तिची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

"सर, हे अजून चालू आहे का?"

"हो. पण काळजी करू नका, एकदम सुरक्षित आहे."

तिनं मान डोलावली आणि उरलेला वेळ शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलत राहिली. पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. फोन केला तर "बघते, सर," एवढंच.

ते अर्धं वाक्य शिष्याच्या मनातून जाईना. असं वाक्य अर्ध्यात सोडून गेलेली ती घरी एकटी काय करत असेल, या विचारानं त्याचा जीव खालीवर होई. शेवटी त्यानं बाईंकडे येऊन सगळं सांगितलं, पण उपाय सोबत घेऊनच. "बाई, माझं ॲप साधं होतं. चांगलं विकत घेऊ या."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बोलाव विकणाऱ्यांना. परीक्षा मी घेईन."

पहिला व्यापारी मोठा सफाईदार होता. बाई उठल्या आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "मी बोलते. तुमच्या यंत्राला लिहू दे."

बाई काहीतरी खोटंनाटं रचून सांगतील, असं शिष्याला वाटलं. बाई म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण गेली. निरोप वेळेवर आला होता. दारात गाडी होती. मी मुद्दाम गेले नाही."

शिष्य चपापला. बाईंना बहीण होती, हेच त्याला ठाऊक नव्हतं. इकडे यंत्रानं क्षणार्धात टिपण समोर ठेवलं. शोक, अपराधभाव, पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न, सगळं शुद्ध मराठीत. शिष्याच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "आता पुसून दाखवा."

"म्हणजे?"

"मी हे बोलायला नको होतं, असं मला वाटतंय. माझी बहीण मला परत द्या."

व्यापाऱ्यानं हसून एक बटण दाबलं. पडदा कोरा झाला.

"इथलं गेलं. तुमच्या कंपनीकडचं?"

"ते काही काळ राहतं, मॅडम. यंत्र सुधारायला उपयोगी पडतं. पण आम्ही नाव काढून टाकतो ना!"

"नाव काढलंत तरी बहीण राहिलीच की," बाई म्हणाल्या, आणि त्याला चहा पाजून निरोप दिला.

दुसरा व्यापारी बोलण्यात जरा अडखळणारा होता. बाईंनी त्याच खुर्चीत बसून तीच वाक्यं त्याच आवाजात पुन्हा उच्चारली. त्याच्या यंत्रानं 'थोरली बहीण'चं 'थोडी बहीण' केलं. शिष्यानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"पुसून दाखवा."

"आवाज आम्ही साठवतच नाही, बाई. टिपण झालं की तो जातो. टिपणाला कुलूप तुमचं; किल्ली, म्हणजे पासवर्ड, तुमच्याकडे. आम्हाला ते वाचता येत नाही आणि यंत्राला शिकवायला आम्ही ते वापरत नाही. करारात हे इथं लिहिलंय. तुम्ही पुसलंत की आमच्याकडची कुलूपबंद प्रत सात दिवसांत नष्ट होते."

"त्या सात दिवसांत किल्ली हरवली, चोरीला गेली, तर?"

"ते मला नक्की सांगता येणार नाही. विचारून लेखी देतो."

चार दिवसांनी लेखी उत्तर आलं: किल्ली हरवली तर टिपण कोणालाच उघडता येणार नाही; चोरीला गेली, तर कळवताच प्रत लगेच नष्ट करू, पण त्याआधी कोणी वाचलं तर ते आम्हाला थांबवता येणार नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि याच व्यापाऱ्याचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

"पण बाई, पहिल्याचं लिखाण किती छान होतं! याला साधं 'थोरली' लिहिता येत नाही."

"चुका तू दुरुस्त करशील. टिपणाखाली सही तुझी असते, तेव्हा ते वाचायला तर हवंच."

शिष्य घुटमळला. मग त्याला राहवेना. "बाई, ते खरं होतं का? बहिणीचं?"

बाई हसल्या. "चार दिवस हाच प्रश्न घेऊन फिरतोयस ना? तू माझा इतका जवळचा, लोकांची गुपितं राखणं हे तुझं कामच, तरी तुला राहवलं नाही. मग माझं बोलणं जिथं जाऊन पडेल, तिथल्या परक्याला राहवेल का? अरे, कुतूहल वाईट नाही, आपली विद्या त्यावरच चालते. पण यंत्र लिहितं कसं, एवढंच तू पाहिलंस. बोललेलं माणसाला परत मागता येतं का, आणि मागितलं तर ते द्यायला कोण बांधील आहे, हे आधी पाहायचं. त्या शिक्षिकेनं तुला तेच विचारलं होतं. तू म्हणालास, सुरक्षित आहे. कसं, ते तुला तरी ठाऊक होतं?"

शिष्यानं नकारार्थी मान हलवली.

"आणि ती सही. मदतीसाठी आलेला माणूस दारातच कशावरही सही करतो रे. त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हटलं तरी तुझी खुर्ची त्याच्याकडेच वळलेली राहिली पाहिजे."

त्याच दिवशी शिष्यानं अर्जातली ती ओळ काढली, फुकटच्या ॲपवाल्यांना सगळं पुसण्याविषयी लिहिलं आणि शिक्षिकेला फोन लावला. "तुमच्या तीन भेटी त्यात गेल्यात. पुसायला सांगितलंय, अजून उत्तर आलेलं नाही. सुरक्षित आहे म्हणालो, ते मला माहीत नसताना म्हणालो. चूक माझी आहे."

"उत्तर आलं की कळवा," ती म्हणाली.

सगळं पुसलंय, असं उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्यानं ते जसंच्या तसं तिला पाठवलं. पुढच्या सोमवारी ती आली.

शिष्यानं नवं यंत्र तिच्यासमोर ठेवलं. तिचे शब्द कुठं जातील, किती दिवस राहतील, किल्ली कोणाकडे असेल, सगळं सांगितलं. "हे नको असेल तर मी आधीसारखा हातानं लिहीन. त्यानं काही बिघडत नाही."

तिनं यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आज नको, सर. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी, म्हणजे ती पुन्हा येणार होती. शिष्यानं यंत्र बंद करून बाहेरच्या कपाटात ठेवलं आणि तो परत येऊन बसला. या वेळी लिहायची घाई त्याला नव्हती.

"मला बाळ झालं तेव्हा..." ती म्हणाली, आणि थांबली नाही.

पुढे ती काय बोलली, हे जाणून घ्यावंसं तुम्हालाही वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण ते तिचं आहे.