दुपारनंतरचा भिक्षू

लाओसमधल्या देवळांच्या एका निवांत गावात बुनमीआजी तीन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देत. तिथे एकदा पुण्याचे वल्लभ दिघे उतरले. फुकटात जग कसं फिरावं यावर व्हिडिओ करता करता हे गृहस्थ स्वतःला मोठे विरक्त समजू लागले होते.

भाड्याचं नाव काढताच दिघ्यांनी कॅमेरा आजींच्या तोंडासमोर धरला आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, रोज सकाळी तुम्ही भिक्षूंना भात वाढता, त्याचे पैसे घेता का? मग मीही भिक्षूच. पर्यटक-बिर्यटक नाही!"

असले भिक्षू आजींनी पुष्कळ पाहिले होते. त्या हात जोडून म्हणाल्या, "मग तुम्हाला खोली फुकट."

संध्याकाळी माशाच्या रश्शाचा वास सुटला, तसे दिघे सगळ्यांच्या आधी चटईवर येऊन बसले. आजींनी त्यांना वगळून सगळ्यांना वाढलं.

"भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "मऊ गादीवर झोपतही नाहीत, म्हणून तुमची गादी काढून ठेवलीय."

दिघ्यांचा चेहरा पडला. त्यांनी पाकीट उघडलं. "बरं, घ्या तुमचं भाडं."

"छे छे! भिक्षूंनी पैशाला हात लावायचा नसतो. आधी तुम्ही कोण ते सांगा."

सगळे घास हातात धरून ऐकत होते.

"पर्यटक," दिघे पुटपुटले.

आजींनी त्यांचाच कॅमेरा उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला. "जरा मोठ्याने बोला. तुमच्या लोकांनाही ऐकू जाऊ दे."