बोका गेला, वास राहिला

घरातल्या फरशा नव्याकोऱ्या होत्या तेव्हाची गोष्ट. एके दिवशी खिडकीबाहेरच्या कुंपणावर परका बोका येऊन बसला. घरातली मांजर भुरी धास्तावली आणि घर आपलं आहे हे कळावं म्हणून पडद्यावर मुतली. मालकीण वत्सलाबाईंनी तिथं फिनेल ओतलं. त्या उग्र वासानं भुरी आणखीच बिथरली. "कोणीतरी आत शिरलंय!" म्हणत ती दारावर मुतली, सोफ्यावर मुतली. बाईही मागोमाग बाटल्या रिकाम्या करत राहिल्या.

शेवटी दारातलं पायपुसणं वैतागलं. "अगं, तो बोका कधीच गेला. तू भांडतेस कुणाशी?"

"या वासाशी! तो आधी हटू दे, मग मी थांबते."

"बाईसुद्धा हेच म्हणतात," पायपुसणं म्हणालं.

तेवढ्यात आत बाटलीचं झाकण उघडलं आणि भुरीची शेपटी ताठ झाली.