खिंडीतल्या कातरलेल्या मेंढ्या

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी शिलावती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेंढ्याच्या जन्माला आला होता. जन्म मेंढ्याचा, पण शहाणपण असे की तो पुढे चालला की तीनशे मेंढरे डोळे मिटून त्याच्या मागे निघत.

हा कळप बलसेन नावाच्या व्यापाऱ्याचा होता. खिंडीपलीकडे धान्य पोचवायचे आणि मेंढरांच्या पाठीवर मिठाच्या छोट्या छोट्या पिशव्या लादून परतायचे, हा त्याचा धंदा. त्या वर्षी पलीकडच्या विणकरांनी लोकरीला चढा भाव देऊ केला. बलसेनाला वाटले, एका दगडात दोन पक्षी! ऐन हेमंतात त्याने खिंडीपलीकडे पोचताच कातरणी लावली. मेंढरे राखणाऱ्या कर्णिकेने कपाळावर हात मारला.

"अहो मालक, हे काय कातरायचे दिवस आहेत? आधी स्वतःची घोंगडी काढून दाखवा बघू!"

मालक नुसता हसला. निम्मी मेंढरे कातरून होताहेत तोच आभाळ भरून आले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तांडा घाईघाईने परतीला लागला.

आणि भर खिंडीत हिमवादळाने गाठले! वारा असा की समोरचा माणूस दिसेना. कातरलेल्या मेंढ्या लटलटा कापू लागल्या. दोन-चार तर गुडघे टेकून बसल्याच.

बलसेन ओरडला, "लोकर नसलेल्यांना सोडून द्या! लोकरवाली तेवढी हाका. मीठ तरी खाली पोचेल."

पण पुढचा मेंढा हलेना. बलसेनाने त्याच्या पाठीत काठी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. मेंढा शांतपणे वळला, उलटा कळपात शिरला आणि वाऱ्याला आडवा होऊन कातरलेल्या मेंढ्यांपुढे उभा राहिला. बघता बघता लोकरवाली सगळी मेंढरे त्याला येऊन भिडली. बाहेर लोकरीचे कडे आणि आत उघडी मेंढरे! कर्णिका आनंदाने किंचाळलीच. भराभर मिठाच्या पिशव्या सोडून तिने वाऱ्याच्या बाजूला त्यांची भिंत रचायला घेतली. "अगं, माझं मीठ!" म्हणत बलसेन धावला खरा, पण दहा पावलांत त्याचे पाय बधिर झाले आणि तो बर्फात कोसळला.

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला, "मालक, लोकर नसलेल्यांना सोडून द्यायचे, हे तुम्हीच ठरवलेत. तुमच्या अंगावर तर स्वतःची लोकर मुळीच दिसत नाही."

एवढे बोलून त्याने शिंगांनी हलकेच ढकलत बलसेनाला लोकरीच्या कड्याच्या मधोमध नेऊन बसवले आणि तो पुन्हा वाऱ्यात जाऊन उभा राहिला.

काय ऊब होती तिथे! बलसेनाला रडूच आले. जिवात जीव आल्यावर तो इकडेतिकडे पाहू लागला आणि पाहतच राहिला. बाहेरचे मेंढरू गारठले की आत सरके, आत ऊब घेतलेले त्याच्या जागी जाऊन उभे राही. कर्णिकाही त्यांच्याबरोबर आत-बाहेर करीत होती. भांडण नाही, ओरडा नाही. इतक्यात त्याच्या मांडीला टेकलेली एक कातरलेली मेंढी उठली. अंगावर बोटभर लोकर नाही, पण तीही बाहेर गेली! थोडाच वेळ टिकली, पण उभी राहिली.

पुढचा मेंढा मात्र ऊब घ्यायला अजून एकदाही आत थांबला नव्हता. त्याच्या पाठीवर बर्फाचा थर चढला होता, मागचे पाय लटपटत होते. आणखी घटकाभर असाच राहिला तर हा मरणार, हे बलसेनाला स्पष्ट दिसले. मग लाजेने त्याला त्या उबेत बसवेना. तो उठला, घोंगडी घट्ट आवळून बाहेर गेला आणि म्हणाला, "आत जा, बाबा. आता माझी पाळी."

आणि मेंढा निमूटपणे आत गेला.

दुपार कलली तेव्हा वादळ निवळले. तीनशेच्या तीनशे मेंढरे अंग झाडून उभी राहिली! मीठ तेवढे बर्फात विरघळून गेले होते. बलसेनाने तिकडे वळूनही पाहिले नाही.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा बलसेन म्हणजे आज दाराशी बसून सर्वांना आधी आत घेणारा हा वृद्ध भिक्षू. कर्णिका म्हणजे विहारात रोज पाणी भरणारी ही उपासिका. कळप म्हणजे तुम्ही सारे, आणि पुढचा मेंढा मीच होतो. भिक्षूंनो, क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात ती हीच. आपली पाळी आली की वाऱ्यात उभे राहावे, आणि दुसऱ्याची आली की त्यालाही उभे राहू द्यावे."