अंकुशचं फडकं

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफी असावी, शाळा आठवीतच सुटली. शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

"मग गॅस जातो कुठं?"

माणिकरावांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. उदगीरचं मे महिन्याचं ऊन. गॅरेजचा पत्रा तापून कडकड वाजत होता.

अंकुश उघड्या बॉनेटखाली वाकून उभा होता.

महिनाभरात ही गाडी तिसऱ्यांदा आली होती. दोन्ही वेळा त्याने एसीत गॅस भरून दिला, दोन्ही वेळा गाडी गारेगार होऊन गेली, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा गरम वारा फेकायला लागली. आज गळती शोधायला जोडांना साबणाचा फेस लावून झाला. बुडबुडा कुठंच येईना.

"परवा वडलांना हैदराबादला न्यायचंय. ऑपरेशन झालेला माणूस. या उन्हात भाजून काढू काय त्यांना?"

"सगळे जोड तपासलेत, काका."

"तपासलेत म्हणं! मग गॅस काय मी पितो?"

कोपऱ्यात स्टुलावर गॅरेजचे मालक गफूर उस्ताद चहा पीत होते. त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला गॅसचा दाब मोजायचं गेज टांगलेलं. शिष्य स्वतःचं दुकान टाकायला निघाला की उस्ताद हातातलं गेज त्याला देत आणि स्वतःला दुसरं आणत. अंकुश इथं शिकायला आल्यापासूनच्या बारा वर्षांत असं दोनदाच झालं होतं.

अंकुशच्या नव्या दुकानाचा बोर्ड रंगवून तयार होता. शुक्रवारी शटर उघडायचं होतं. गेजबद्दल उस्ताद अजून काही बोलले नव्हते.

तसा अंकुश हाताचा साफ. गाडी आली की आधी खांद्यावरचं फडकं घेऊन सगळे पाईप, सगळे जोड लख्ख पुसायचा, मगच पान्याला हात लावायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, काम बघावं तर अंकुशचं. त्याला ते ऐकायला आवडायचं.

आत्ताही त्याने पुसूनच घेतलं होतं.

"उस्ताद," तो शेवटी म्हणाला, "गाडीतच दोष आहे. माझ्या हातात काही नाही."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"तुझ्या हातात काय आहे?"

अंकुशने खाली बघितलं.

"...फडकं."

"आण इकडं."

उस्तादांनी फडकं घेतलं, झटकलं, मांडीवर पसरलं. त्यावर ठिकठिकाणी धुळीत कालवलेल्या तेलाचे काळे डाग होते.

माणिकराव हसले. "आता फडक्याचा पंचनामा करता व्हय, चाचा?"

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका डागावर बोट ठेवलं.

"हा कुठल्या जोडाचा?"

अंकुशने वाकून बघितलं.

"हा?"

बोट पुढच्या डागावर सरकलं.

"आणि हा?"

अंकुशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गॅस जाताना थोडं तेल बाहेर सोडतो आणि त्या तेलाला धूळ चिकटते, म्हणजे डाग तिथं गळती, हे महिनाभर शिकलेला पोरगाही सांगेल. तोही सांगायचा, दुसऱ्यांना.

"तीनदा गाडीने तुला सांगितलं," उस्ताद म्हणाले. "तीनदा तू तिचं तोंड पुसलंस."

पत्रा तेवढा वाजत राहिला.

"गॅस भर," उस्ताद म्हणाले. "माणिकराव, गावाकडच्या कच्च्या रस्त्यानं एसी लावून जा, त्याच रस्त्यानं उद्या सकाळी या. उभ्या गाडीत गळत नसेल, तर हादऱ्यात गळेल. गाडी धुवू नका."

"आणि उद्याही नाही सापडलं तर?"

उस्तादांनी फडक्याची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश गॅरेजचं कुलूप निघायच्या आधीच येऊन बसला होता. गाडी धुळीने माखून आली. त्याने बॉनेट उघडलं. हात सवयीने खांद्याकडे गेला. खांदा रिकामा होता. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि नुसता बघत राहिला. या पाईपावरून त्या पाईपावर. सगळीकडे धूळ कोरडी होती, फुंकर घातली की उडत होती.

खाली, समोरच्या जाळीशेजारच्या जोडावर, चार आण्याएवढी धूळ उडाली नाही. ओली होती. काळी.

तो जोड महिन्यापूर्वी, पहिल्या वेळी, त्यानेच उघडून बसवला होता. आतलं रबर जुनंच ठेवून. चालतंय म्हणून.

माणिकराव मागून डोकावत होते. "काय रे? दिसलं का काही?"

अंकुशला वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. शुक्रवारी, दोनच दिवसांनी, स्वतःचं शटर उघडायचं होतं.

"सापडलं," तो म्हणाला. "जोड मीच बसवलेला आहे, काका. चूक माझी आहे."

उस्ताद उठले. खिळ्यावरचं गेज काढून बॉनेटच्या दांडीला अडकवलं, अंकुशच्या हाताशी. मग खिशातलं फडकं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"आता पूस."