अस्वलाचा पाय आणि जंगलाचा आग्रह

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. मुलांनो, त्याला मधुमेह होता. ते लघवीला जाई तिथे मुंग्यांची रांग लागे, आणि अस्वल म्हणे, "खाऊ दे बिचाऱ्यांना, कोणाचं तरी भलं होतंय." पुढे मागच्या पायात काटा गेला आणि जखम काही केल्या भरेना, तेव्हा हे औदार्य आटलं. साळिंदर वैद्यांनी पाय पाहिला आणि सांगितलं, "मध बंद. मोहाची फुलं बंद. वाळवी खा, आणि जेवल्यावर लोळू नका, ओढ्यापर्यंत चालून या. नाहीतर हा पाय जाईल. पाय गेलेलं अस्वल झाडावर चढताना मी तरी अजून पाहिलेलं नाही."

अस्वलाने ऐकलं. जंगलात असं फारसं घडत नाही. ते रोज चालू लागलं. तहान कमी झाली, अंग हलकं झालं, जखमेवर खपली धरली.

एवढ्यात कोल्हीणबाईंच्या पिल्लांचं बारसं आलं. पाहुणा हात आडवा धरून नको म्हणाला, तर हाताच्या वरून वाढायचं, अशी त्या जंगलाची रीत होती. मधाचं अख्खं पोळं अस्वलाच्या पानात पडलं.

"नको हो, मला साखरेचा त्रास आहे."

"इश्श! एका पोळ्याने काय होतंय, अस्वलभावजी? बाळांना पाहिलंत आणि तोंड गोड न करता जाणार? माझ्या लेकरांना अपशकुन करता?"

"सकाळी कारलं खाल्लंत ना?" माकडाने विचारलं. "मग झाली की फिटंफाट! आमच्या मामांना हाच आजार होता. रोज आंबे खायचे. काही झालं नाही."

"कुठे असतात मामा?"

"वारले. पण आंब्याने नाही काही. डोळे गेले होते, म्हणून फांदी चुकली."

सगळे हसले. अस्वलही ओशाळून हसलं आणि त्याने पान चाटून पुसलं. मग हरिणीचं डोहाळजेवण आलं, रानडुकराची वास्तुशांत आली. प्रत्येकाचा आग्रह एकाच पोळ्याचा होता. ती सगळी पोळी जात होती मात्र एकाच पोटात. जेवून जडावलेलं अस्वल ओढ्यापर्यंत कुठलं चालणार? खपली फुटली, जखम काळी पडली, आणि साळिंदर वैद्यांना त्याची दोन बोटं कापावी लागली.

"मी काय करू? त्यांनी फारच आग्रह केला," अस्वल रडत म्हणालं.

"आग्रह त्यांनी केला. तोंड कोणी उघडलं?" असं म्हणून वैद्य निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल भेटायला आलं. कोल्हीणबाईंच्या हातात द्रोण होता. "आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं? केवढा अशक्तपणा आलाय! थोडा मध चाटा, तरतरी येईल."

अस्वल तीन पायांवर उठलं. "बोटं माझी कापली, तेव्हा तुमच्यातलं कोण ओरडलं? उद्या पाय गेला तर पाणवठ्यावर मला पाठीवर कोण नेणार? माकडा, तू? कोल्हीणबाई, तुम्ही?"

माकडाला एकदम पाठ खाजवायची आठवण झाली.

"मग तो द्रोण उचला आणि चालते व्हा! माझ्या मरणाची मेजवानी पुरे झाली!" अस्वलाने असा पंजा हाणला की द्रोण उडून कोल्हीणबाईंच्या शेपटीवर उलटला.

"आजारपणाने स्वभाव पार बिघडला हो," असं जंगलभर झालं. त्यानंतर अस्वलाला एकाही बारशाचं बोलावणं आलं नाही. ते लंगडत का होईना, रोज ओढ्यापर्यंत जात राहिलं. उरलेला पाय वाचला.

तात्पर्य : आग्रह करणारा वाढून मोकळा होतो, पाय मात्र खाणाऱ्याचा जातो, म्हणून आपल्या पथ्याला हसणाऱ्यांच्या पंगतीतून, पाय शाबूत आहेत तोवरच उठावं.