खारवण्याच्या कुर्लीचं गाऱ्हाणं

हा समोर चिखलात उघडा बसलाय ना, तो सोडणीचा कातळ. सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरलं, की असा पुरता उघडा पडतो, भरतीला नुसतं डोकं वर राहतं. त्याच्या कमरेशी मनगटाएवढं एक बीळ आहे. बिळाची कड इतकी गुळगुळीत झाली आहे की कोणी मुद्दाम घासून ठेवली असं वाटावं. ती पाण्याने घासलेली नाही, हातांनी घासली आहे. आमच्या खारवणे गावात मुलगी लग्न करून आली, की दुसऱ्या दिवशी सुकतीला तिला इथे आणतात आणि त्या बिळात हात घालायला लावतात. आत काही नसतं. तरी प्रत्येकीचा हात आत जाताना थोडा थरथरतो, आणि तो थरथरावा म्हणूनच आणतात.

मी पस्तीस वर्षं या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवली. आता पूल झाला, तेव्हा तुमच्यासारख्या पाहुण्यांना होडीतून फिरवतो आणि घरी नेऊन जेवू घालतो. कुर्लीचं, म्हणजे तुमच्या खेकड्याचं, जेवण सांगितलंत ना? मग थोडा उशीर होणार हे आधीच सांगून ठेवतो. हे तुमच्यातले लाल टोपीवाले भाऊ मघापासून विचारतायत की जिवंत कुर्ली मोडताना मोबाइलमध्ये काढता येईल का. लोकांना ताजेपणा दिसला पाहिजे म्हणतात. भाऊ, ताजी म्हणाल तर आमच्याकडे कुर्ली चुलीच्या कडेपर्यंत जिवंत असते, त्याची काळजी नको. पण जिवंतपणी तिचा डेंगा, म्हणजे नांगी, मोडणारं घर या गावात तुम्हाला सापडायचं नाही. का, ते ऐका. होडी तशीही भरती येईपर्यंत हलत नाही.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. गावात तेव्हा गाबितांची थोडी घरं होती आणि सगळ्यांचं पोट कुर्ल्यांवर. त्यातल्या एका घरात रवळू नावाचा तरुण होता, त्याची बायको येसू, आणि आई भागीरथी. तिला सगळा गाव भागाय म्हणायचा. भागायच्या हातच्या कुर्लीच्या रश्श्यासाठी म्हणे पलीकडच्या तीरावरचे लोक काहीतरी निमित्त काढून यायचे. तिची रीत साऱ्या गावाची होती तीच. जिती कुर्ली पाट्यावर उताणी धरायची, एकेक डेंगा पिरगळून काढायचा, मग पाठ उपसायची, आणि तोवर कुर्ली हलत असायची. “जित्याचो स्वाद मेल्याक नाय,” असं ती म्हणायची. दुष्ट नव्हती हो ती. दारात आलेल्या मांजरालाही आधी घालायची आणि मग स्वतः बसायची. फक्त हातातल्या कुर्लीकडे तिने कधी बघितलं नव्हतं. भाजी चिरताना आपण भाजीकडे बघतो का?

येसूला दिवस गेले आणि तिला कुर्लीचे डोहाळे लागले. एरवी मुकाट काम करणारी पोर, पण स्वप्नातही रस्सा मागायची. भागायला कोण आनंद! अवसेची कुर्ली भरलेली असते, म्हणून तिने अवसेपर्यंत थांबायला लावलं आणि त्या दिवशी लेकाला बजावलं, “आकडी घालून ओढू नको हां झिला. मोडक्या डेंग्याची कुर्ली माज्या सुनेच्या पानात नको. हातान काढ.”

रवळू आईचा शब्द मोडणारा नव्हता. सुकतीला या कातळावर आला, बिळात मोठी कुर्ली दिसली, त्याने हात घातला. आणि कुर्लीने धरलं.

आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, की कुर्लीने धरलं तर ओढू नये. ओढाल तितकी ती आवळते. पण बोटात कळ गेली की शहाणपण कुठलं राहतं? रवळूने ओढलं. कुर्लीने पाय बिळाच्या भिंतीला रोवले आणि अंग आडवं घातलं. आता हात ना आत जाई ना बाहेर येई. आणि अवसेची भरती म्हणजे उधाणाची. पाणी पोटऱ्यांना लागलं, कमरेला लागलं. हाका मारल्या त्या वाऱ्याने खाल्ल्या. पाणी छातीशी आलं तेव्हा त्याने येसूचं नाव घेतलं, आणि मग गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते पाहुण्यांना सांगायला हवं. आम्ही देवाशी एकटे बोलत नाही. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. ते कोणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं, देवापर्यंत पोचत नाही. रवळूच्या बरोबर तर कोणीच नव्हतं. तरी तो गावच्या देवीला म्हणाला, “बा सातेरी माय म्हाराजा, ह्या पाण्यातना माका सोडव. मी ह्येच्या जातीक जिती मोडूचंय नाय, असा माजा सांगणा आसा म्हाराजा!”

आणि बिळातून बुडबुड असा आवाज आला. तेच म्हणे ‘व्हय म्हाराजा’. कुर्लीने डेंगा सैल केला.

आता तुम्ही म्हणाल, पाणी बिळात शिरलं, तिला सुटायला वाट दिसली म्हणून तिने सोडलं. म्हणा बापडे. मीही तरुणपणी म्हणायचो. जुनी माणसं पुढे असंही सांगतात, की हात मोकळा झाल्यावर रवळू बिळाच्या वर कातळावर चढून रडला, तेव्हा कुर्लीही बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली. दोघंही दमली होती. कुर्लीला दुखतं की नाही हे शिकलेल्या लोकांनी ठरवावं. रवळू आयुष्यभर एवढंच सांगायचा, की माझा हात तिच्या हातात होता, आणि ती माझ्याइतकीच भ्यालेली होती.

रिकाम्या हाताने घरी आला. बोट काळंनिळं. भागायने हळद लावली, मायेने फुंकर घातली, आणि नवसाचं ऐकल्यावर तीच भडकली. “जिती मोडूची नाय? मगे पोटाक काय घालतलंस? मेलेली कुर्ली खातंत काय कोण?”

तिचं खोटं नव्हतं. आपोआप मेलेली कुर्ली आमच्यात कोणी शिवत नाही. तिचं मांस बघता बघता नासतं. पण रवळूला नवस पाळायचा होता आणि बायकोचे डोहाळेही पुरवायचे होते. दुसऱ्या दिवशी त्याने कुर्ल्या पकडल्या आणि टोपलीत बांधून त्यांना तळमळत कशाला न्यायचं, म्हणून कातळावरच दगडाने मारल्या. मग ऊन डोक्यावर घेऊन वळसा घालून घरी आला. भागाय त्या दिवशी सातेरीची ओटी भरायला गेली होती. रवळूने स्वतः चूल पेटवली, वाटप वाटलं, वास आला तर दबावा म्हणून तिरफळं जरा सढळ घातली, आणि पहिलं पान येसूला वाढलं. कुर्लीवाल्याच्या लेकाने करू नये ते केलं. त्याला वाटलं, मी माझ्या हाताने मारलेली ती मेलेली कशी? येसू इतकी भुकेली होती की तिने हाताची बोटंसुद्धा चाटली.

संध्याकाळपासून तिला उलट्या सुरू झाल्या. मग ताप. मग ती बोलेनाशी झाली. पेज ओठाला लावली की मान फिरवायची. वैदू आला, नाडी धरून बसला आणि औषध न देताच उठून गेला. पोटातलं लेकरू आणि ती, दोन्ही जीव दाराशी येऊन उभे राहिले.

मानकरी जमले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या नवसाने हे झालं तो नवसच खोटा. “शबद मागे घे, रवळू. देवळात जिती कुर्ली मोड आणि बायल वाचव,” असं मोठ्या मानकऱ्याने सांगितलं. दिवस मावळायच्या आत.

रवळूने काय करावं? शब्द पाळला तर बायको जाते. मोडला तर जिने आपल्याला सोडलं तिच्याशी बेइमानी. तो गेला आणि एक कुर्ली घेऊन आला, सुंभाने बांधलेली. देवळाच्या वाटेवर त्याचं घर होतं. तिथे दारात बसला तो बसलाच. कुर्ली मांडीवर आणि डोळ्यांतून पाणी.

भागाय आतून आली. मघापासून ती येसूजवळ होती. तापात येसूने तिचा हात धरला होता आणि काही केल्या सोडत नव्हती, एकेक बोट हळूच उकलून तिला उठावं लागलं होतं. तिने लेकाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

“दी हयसर. तुका जमाचा नाय. नवस तू केलंस, मी नाय. पाप झाला तर माका लागांदे.”

कुर्ली घेऊन ती चुलीशी गेली. चुलीवर पाणी उकळत होतं. ताज्या कुर्लीचं कढण अंगात ऊब आणतं, तेवढा एकच उपाय तिला ठाऊक होता. तिने सुंभ सोडलं, कुर्ली पाट्यावर उताणी केली आणि डेंग्याला हात घातला. तेवढ्यात कुर्लीने तिचा पदर धरला. येसूने हात धरला होता तसाच, घट्ट.

आणि आयुष्यात पहिल्यांदा भागायने हातातल्या कुर्लीकडे बघितलं, असं सांगतात.

पण बघितलं म्हणून काय करायचं? सोडून द्यावी तर सून मरते. मोडावी तर हात उचलेना. मारून ठेवावी तर काय होतं ते घरात दिसतच होतं. एवढ्या कुर्ल्या मोडलेली ती बाई. कुर्लीचा जीव कुठे असतो हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, तिने त्यांना कधी विचारलं नव्हतं इतकंच. वळचणीला शीड शिवायचा दाभण खोचलेला होता. तिने पोटाखालचं झाकण उचललं, दाभण टेकवला आणि एकदाच दाबला. दुसऱ्यांदा दाबावा लागला नाही. मग कुर्लीवर हात ठेवून ती थांबली. पाय एकेक करून सैल झाले आणि पदर सुटला.

“बा सातेरी माय म्हाराजा,” ती म्हणाली. “भुकेसाठी जीव घेतलंय, नाय म्हणणंय नाय. पण ह्येका मी तळमळूक दिलंय नाय. तसा माज्या पोरीक तू तळमळूक देव नको म्हाराजा.”

रवळू दारात रडत होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. पुढचं म्हणणार कोण? गाऱ्हाणं तसंच अर्धं लोंबकळत राहिलं.

तेव्हा आतल्या खोलीतून, कांबळ्याखालून, अगदी बारीक आवाज आला.

“व्हय म्हाराजा.”

येसू बोलली होती. भागायच्या हातातला दाभण खाली पडला. ती आधी सुनेकडे धावली, मग परत चुलीकडे आली, कारण कढण थांबत नाही. त्याच पाण्यात, त्याच घटकेला तिने कुर्ली घातली. येसूने पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला म्हणे तक्रार केली की मीठ कमी आहे. ते ऐकून सासू रडायला लागली. नऊ महिने भरले तेव्हा मुलगी झाली. आमच्या गावातली अर्धी घरं तिचीच लेकरं-पतवंडं म्हणवतात, मीही त्यातलाच.

येसूला वाचवलं ते देवीने, कढणाने, की सासूच्या पदराने, हे मला विचारू नका. मानकऱ्यांनी मात्र तेव्हापासून दोन्ही गोष्टी गावाला लावून दिल्या. कुर्ली चुलीपर्यंत जिती आणायची, सावलीत, ओल्या कांदळाच्या पानांत, आणि पाणी उकळल्यावर दाभणाने एकदाच. हे झालं शिजवणाऱ्याचं. आणि खाणाऱ्याने तिथे उभं राहून गाऱ्हाणं पुरं करायचं. दुसऱ्याच्या हाताने जीव घ्यायचा आणि आपण ओसरीवर पंख्याखाली बसायचं, हे चालणार नाही. येसूने अंथरुणातून म्हटलं, तुम्हाला तर चालता येतं.

तेव्हा चला, भरती आली, होडी ढकलूया. घरी माझी सून वैजू पाणी ठेवून वाट बघत असेल. भाऊ, मोबाइल आणायचा तर आणा, आमची ना नाही. पण एका हातात दाभण धरलेल्या बाईसमोर उभं राहून “व्हय म्हाराजा” म्हणताना तो कुठे धरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आजवर एकाही पाहुण्याचं चित्रण पुरं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आजही आमच्या घरोघरी चुलीजवळ एक दाभण खोचलेला असतो, आणि आजही कोणाच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत तर त्याला कोणी हसत नाही, कोणी कारण विचारत नाही. त्याच्यासाठी डाळभात असतोच. माझी बायको गेली त्या वर्षी कित्येक महिने माझ्या तोंडून ते निघत नव्हतं. वैजू रोज कुर्ल्या करायची, एकदा माझ्याकडे बघायची, आणि माझ्या पानात पेज वाढायची.