कडुनिंबाला वळसा घालणारी रेषा

एकदा एका शाळेने आपल्या मैदानामागची कोरी भिंत रंगवायची ठरवली, आणि तेवढ्यावरून सबंध गाव दोन तटांत विभागले.

शाळा नदीकाठची. थंडीच्या दिवसांत नदीवरचे धुके मैदानावर येऊन बसते आणि उन्हे वर येईपर्यंत हलत नाही. त्या धुक्यात बास्केटबॉलचा खांब दिसेनासा होतो, नुसती रिंग अधांतरी दिसत राहते. खेळणारी मुले सांगतात, की अशा सकाळी चेंडू वर टाकला की तो खाली येईलच याची खात्री वाटत नाही. मोठी माणसे असे कबूल करीत नाहीत, पण त्यांनाही तसेच वाटत असणार.

या शाळेला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने जुने मातीचे मैदान उकरून नवे, गुळगुळीत मैदान करायचे होते आणि रिंगमागच्या भिंतीवर शाळेच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटूचे नाव लिहायचे होते. नाव एकच. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी सुचवले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहा पिऊन मंडळी घरी गेली. आग लावणाऱ्यांना बहुधा आपण आग लावली हे कळतच नाही.

नावे दोन निघाली. पन्नास वर्षांपूर्वीचा भास्कर तांदळे आणि तीस वर्षांपूर्वीची रेहाना मुजावर. भास्कर आता हयात नव्हता. त्याची बाजू त्याचे सोबती दिनकरराव लढवीत होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ एरवी अत्यंत सौम्य, पण भास्करचा विषय निघाला की आवाज चढायचा. रेहाना लग्न होऊन हुबळीला गेली होती. तिची बाजू तिच्या संघातली शैला मांडायची. तिचे बाजारपेठेत औषधांचे दुकान होते आणि खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या माणसालाही ती रेहानाचा एखादा सामना ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

निर्णय द्यायचा होता शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने. सोमवारी मुख्याध्यापकांच्या हाती नाव द्यायचे होते. बाई शाळेचीच विद्यार्थिनी, शैलाच्या आणि रेहानाच्याच संघातली. आणि इथेच दुखणे होते.

तीस वर्षांपूर्वी विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांची शाळा एका गुणाने मागे होती. दोन सेकंद उरले होते. चेंडू रेहानाच्या हातात होता आणि तिने तो अचानक या आपल्या मैत्रिणीकडे, आजच्या बाईंकडे, दिला. समोरच्या संघातल्या मुलीने हिला धक्का मारला, पंचांची शिटी वाजली, दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे रेषेवर उभे राहून कुणी न अडवता रिंगमध्ये टाकायचे दोन चेंडू. एक पडला असता तर बरोबरी होती, दोन पडले असते तर चषक होता. दोन्ही चुकले. त्यानंतर ती रेहानाशी धड बोलली नाही. रेहानाही बोलली नाही. दहावी झाली, वाटा वेगळ्या झाल्या.

तीस वर्षांनी शैला भर चौकात म्हणायची, “त्या दिवशी चषक आला असता तर हा वाद उरलाच नसता.” म्हणून झाल्यावर ती जीभ चावायची आणि सगळे दुसरीकडे पाहायचे. बाईंना ते दुसरीकडे पाहणे फार लागायचे. त्यांनी मनात नाव केव्हाच ठरवले होते. रेहाना. भिंतीवर ते नाव एकदा चढले की छातीवरचा तीस वर्षांचा दगड उतरेल, असे त्यांना वाटत होते. पण चिठ्ठीवर नाव लिहायला बसल्या की हात चालेना.

शेवटी रविवारी पहाटे त्या सरांकडे गेल्या. सर म्हणजे ज्यांनी भास्करलाही शिकवले आणि रेहानालाही. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत.

“सर, तुम्ही सांगाल ते नाव लिहिते,” बाई म्हणाल्या.

सरांनी स्वेटर चढवला. “दिनकरला आणि शैलाला मैदानावर बोलाव,” ते म्हणाले. “आणि फक्कीचं पोतं आहे का अजून?”

फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. पोते होते. मैदान उकरून, रोलर फिरवून सपाट झाले होते. त्यावर एकही रेघ नव्हती. धुके नेहमीसारखे बसलेले होते आणि जुना खांब तेवढा जागेवर होता, कारण तो हलवायला यंत्र यायचे होते.

सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी बूड टोचलेला एक डबा दिनकररावांच्या हातात दिला. “दिनकर, या खांबापुढचं तुझं मैदान आख.”

“माझं म्हणजे?”

“तू खेळायचास ते. आठवेल तसं.”

कुणाला काही उमजेना. उद्या नाव द्यायचे, आणि म्हातारा रेघोट्या मारायला सांगतो. पण सरांपुढे दिनकरराव अजूनही नववीतच होते. पासष्टीच्या आसपासचे ते गृहस्थ पँट वर करून वाकले आणि डबा हलवीत चालू लागले. धुक्यात ते दिसेनासे होत, मग पुन्हा दिसत. मागे पांढरी रेघ उमटत जाई. रिंगखालचा चौकोन त्यांनी खाली रुंद, वर निमुळता असा काढला. “आम्ही याला सूप म्हणायचो,” ते स्वतःशीच म्हणाले. मग बाजूची रेषा आखता आखता ते मध्येच थांबले आणि तिला एक मोठे वळण देऊन पुढे गेले.

“हे काय?” शैलाने विचारले.

“इथे कडुनिंब होता. रेषा त्याला वळसा घालून जायची.” दिनकररावांचा आवाज मऊ झाला होता. “भास्कर नेहमी झाडाच्या बाजूनं शिरायचा. बाहेरगावच्या पोरांना वाटायचं तिकडून वाट बंद आहे. हा बुंध्याला खांदा घासून सुटायचा. शर्टाला कायम साल चिकटलेली असायची त्याच्या.”

“म्हणजे निम्मे गुण झाडाचेच की.”

“तुमच्या वेळी झाड नव्हतं म्हणून बोलतेस.”

“आता शैला, तू,” सर म्हणाले.

शैलाने डबा घेतला. तिचेही सूपच निघाले, पण तिची बाजूची रेषा सरळ गेली, थेट कडुनिंबाच्या पोटातून. मग तिने रिंगभोवती एक मोठी कमान काढली. “या कमानीबाहेरून टाकला की तीन गुण,” ती म्हणाली. “रेहाना इथे उभी राहायची. अगदी इथे.”

दिनकरराव त्या कमानीकडे बघत राहिले. “भास्कर याच्याही मागून टाकायचा,” ते म्हणाले. “पण आम्हाला त्याचे दोनच मिळायचे. कमान कुठे होती आमच्या वेळी?”

वाद पुन्हा पेटणार असे दिसताच सरांनी हात वर केला आणि बाईंकडे पाहिले. “आता तू.”

बाई रोज मुलांसाठी मैदान आखीत असत. आजकालचा सरळ चौकोन, आजची लांब सरकलेली कमान, सगळे त्यांच्या हातात बसलेले होते. तेच आखू म्हणून त्या वाकल्या. रिंगसमोर, ठरल्या अंतरावर, त्यांनी फ्री थ्रोची आडवी रेषा मारली. तिच्या टोकाला पोचल्या आणि तिथेच थांबल्या. डबा हातात होता, भुकटी सांडत होती, पण पुढची एकही रेषा त्यांना आठवेना. तीस वर्षांत त्यांचे मैदान एवढेच उरले होते. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

सर काठी टेकत उठले, रेषांमधून हळूहळू चालत आले.

“दिनकर,” ते म्हणाले, “तू भास्करच्या संघात होतास, पण खेळलास किती?”

दिनकररावांनी खाली पाहिले. “तीन सामने. एरवी मी त्याचा टॉवेल धरायचो, पाणी द्यायचो.”

“आणि तरी पन्नास वर्षांनी झाडाचा बुंधा नेमका कुठे होता हे तुला पाठ आहे. अरे, भास्कर आणि रेहाना कधी एका मैदानावर खेळलेच नाहीत. एकाला झाड होतं, एकीला कमान होती. त्यांना कोणत्या मापाने मोजणार? मला वाटतं, तुम्ही त्यांचं नाव मागतच नाही आहात. त्या वयात, त्या धुक्यात, असं काही तुमच्या डोळ्यांदेखत घडलं आणि तुम्ही तिथे होतात, एवढं कुणीतरी लिहून ठेवावं असं तुम्हाला वाटतं. त्यात गैर काही नाही. पण ते आपलं आहे हे ओळखावं.”

मग ते बाईंकडे वळले. त्यांच्या पायांपाशी तिघांच्याही फ्री थ्रोच्या रेषा बरोबर एकमेकींवर पडल्या होत्या. सगळे मैदान बदलले, ती एक रेषा कुणाच्याच काळात हलली नव्हती. तिथे फक्की जाड साचली होती.

“आणि तू तर नावही मागत नाहीस,” सर हलकेच म्हणाले. “तू माफी मागते आहेस. माफी भिंतीवर रंगवून भागत नाही, बाळ. ती ज्याची त्याच्याकडे जाऊन मागावी लागते. त्या दिवशी रेहानाने चेंडू तुझ्याकडे का दिला, हे तू तिला कधी विचारलंस?”

बाईंनी मान हलवली. नाही.

शैलाकडे नंबर होता. त्याच दुपारी बाईंनी हुबळीला फोन लावला. आधी मुलाबाळांचे झाले, हवापाण्याचे झाले. मग त्यांनी विचारले.

“मी घाबरले होते गं,” रेहाना म्हणाली. “दोन सेकंद उरलेले, सगळं गाव बघतंय. मला वाटलं, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. म्हणून तुझ्याकडे टाकला. तुला अडकवलं मी. नंतर तुझ्याशी बोलायची हिंमत झाली नाही. तीस वर्षं मला वाटतंय, तू माझ्यावर रागावलीस.”

“आणि मला वाटत होतं, तूच माझ्यावर रागावलीस,” बाई म्हणाल्या. एकाच रेषेवर इतकी वर्षे आपण एकट्या उभ्या नव्हतो, हे त्यांना आज कळत होते.

सोमवारी मुख्याध्यापकांना नाव मिळाले नाही. बाईंनी त्यांना एक नकाशा दिला. मुख्याध्यापक कुरकुरले, संस्थेत दोन बैठका झाल्या, पण अखेर नवे मैदान त्या नकाशाप्रमाणेच झाले. आजच्या खेळाच्या रेषा ठळक पांढऱ्या आहेत. त्यांच्याखाली फिकट राखाडी रंगात शैलाची जुनी कमान आहे, सूप आहे, आणि एका बाजूला, काहीही नसलेल्या जागेला वळसा घालून जाणारी एक रेषा आहे. दिनकररावांना भास्करला फोन करता आला नसता. ते अधूनमधून येतात आणि त्या वळणाशी उभे राहून जातात.

उद्घाटनाला रेहाना आली. कार्यक्रम संपला, मांडव रिकामा झाला, तेव्हा ती आणि बाई पदर खोचून फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या राहिल्या. प्रत्येकीने दोन-दोन टाकले. चारांतला एकही पडला नाही. त्या इतक्या हसल्या की रेहानाला खाली बसावे लागले.

“भास्करचे चारही पडले असते,” दिनकरराव खुर्चीवरून म्हणाले.

“झाड नसताना?” शैला म्हणाली.

वाद पुन्हा सुरू झाला. शेजारी सरांनी समाधानाने डोळे मिटून घेतले. भिंत अजून कोरीच आहे. मुले तिच्यावर चेंडू आपटतात आणि त्याचे गोल डाग तेवढे तिच्यावर उमटतात.

कुणाचे नाव भिंतीवर लिहावे असे फार वाटू लागले आणि तो माणूस अजून हयात असेल, तर रंग आणायच्या आधी त्याला एक फोन करावा.